शिवण बाहेरच्या बाजूला

ताई आली की आधी घरातले पडदे तपासायची. चाळीस वर्षं कपडे शिवण्यात गेलेली बाई, चपला काढता काढताच पडद्याची दुमड चिमटीत धरणार, उलटून आतली बाजू बघणार आणि भावजयीला विचारणार, "हे कुणी शिवलं गं? डोळे मिटून शिवलं का?" या वेळी मात्र ती आली, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि थेट खुर्चीवर बसली. तेही अगदी कडेला, डाव्या अंगावर भार टाकून, उजवी कूस खुर्चीच्या पाठीला लागणार नाही अशी.

भावाच्या ते ध्यानात आलं नाही. तो चष्मा शोधत होता. चष्मा कपाळावर होता.

"छोट्या," ताई म्हणाली, "वर हात लाव."

छोट्या बावन्न वर्षांचा होता. बाहेरच्या जगात तो छातीचा सर्जन होता, मोठ्या इस्पितळात त्याच्या नावाची पाटी होती, पण ताईच्या तोंडी दुसरं नाव बसलं नाही ते नाहीच. इस्पितळात त्याला आणखी एक नाव होतं. पूर्वी फुप्फुसातली गाठ काढायची तर बरगड्यांमधून चांगली वीतभर चीर द्यावी लागे आणि बरगड्या लोखंडी चिमट्याने फाकवाव्या लागत. तेच काम त्याने तीन भोकांतून करायची पद्धत बसवली होती. एकातून दुर्बीण घालायची, उरलेल्या दोहोंतून हत्यारं, आणि समोरच्या पडद्यावर बघत बघत गाठ काढायची. त्यामुळे वॉर्डातले लोक त्याच्या पाठीमागे त्याला 'भोकवाले डॉक्टर' म्हणत. त्याला ते कळलं होतं आणि मनातून आवडतही असे.

"ये, तुला गंमत दाखवतो," म्हणत त्याने कागदांचा गठ्ठा ताईच्या मांडीवर ठेवला. त्याच्या संशोधनाचा लेख एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकाने घेतला होता. छपाईपूर्वीची ही शेवटची पानं. शुक्रवारपर्यंत तपासून, सही करून पाठवायची. एकशे चाळीस रोग्यांवर तीन भोकांतून केलेल्या शस्त्रक्रिया. सहा महिन्यांनी दुखणं उरलं ते फक्त चौघांना. पुढच्या महिन्यात सर्जनांची परिषद भरणार होती आणि तिथलं पहिलं व्याख्यान त्याचं होतं.

"ह्यात तूपण आहेस," तो म्हणाला.

"मी? कुठं?"

"ह्या तक्त्यात. रुग्ण क्रमांक एकशे बारा."

"नाव नाही ना घातलंस?"

"नावं नाही घालत गं."

"बरं केलंस," ताई म्हणाली आणि कागद हलकेच परत दिले. उलटूनसुद्धा पाहिले नाहीत.

सात महिन्यांपूर्वी ताईच्या उजव्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ निघाली होती. आपल्या माणसावर आपण सुरी धरायची नाही असा सर्जनांचा रिवाज. पण ताई हटून बसली. "पोटात घास जायचा नाही अशी भीती वाटतेय मला, आणि परक्या माणसापुढे घाबरायची मला लाज वाटते. तूच कर." त्याने रिवाज मोडला. गाठ साधी निघाली, घरदार सुटकेचा निःश्वास टाकून मोकळं झालं, आणि तिसऱ्या दिवशी ताई स्वतःच्या पायांनी इस्पितळाचा जिना उतरली. तिला अभ्यासात घेऊ नये असं त्याला क्षणभर वाटलं होतं. मग वाटलं, इतका छान निकाल कशाला सोडायचा?

चहा आला. ताईने कप तोंडाला लावला आणि तिचं तोंड कडू झालं.

"साखर विसरली वाटतं ही," तो म्हणाला.

"विसरले नाही," आतून बायको म्हणाली. "वन्संनी सोडलीय. महिना झाला."

"का? तुझी शुगर तर उत्तम आहे. मीच तपासली."

"माझं नि देवाचं आहे ते," ताई म्हणाली. "तू मधे पडू नकोस."

त्याने हसून सोडून दिलं. ताईचे असले नेम घराला नवे नव्हते. रोज सकाळी आंघोळ झाली की ती हात जोडून उभी राही आणि एकच मागणं मागे: आज माझ्या तोंडून खोटं निघू देऊ नकोस. कपडे शिवणाऱ्याने हे मागावं म्हणजे देवाचीही परीक्षाच! पण तिने ते निभावलं होतं. 'उद्या नक्की मिळेल' हे वाक्य तिच्या दुकानात कुणी ऐकलं नव्हतं. ती म्हणे, "नवव्या दिवशी," आणि नवव्या दिवशी कपडा घडी घालून तयार असे. गिऱ्हाईकच आपलं सवयीने चार दिवस उशिरा येई.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोट हातावर टाकून निघाला तर ताई सज्जात उन्हाला बसलेली. अंगात त्याचाच जुना, ढगळ, धुऊन धुऊन विरलेला शर्ट, तोही उलटा. खांद्यापासून कमरेपर्यंत शिवणीच्या कडा बाहेर, गळ्यामागची कंपनीची चिठ्ठी बाहेर.

"ताई, म्हातारी झालीस हं," तो म्हणाला. "शर्ट उलटा घातलायस."

"असू दे. असाच बरा वाटतो."

"शिवण बाहेर ठेवून फिरायला लागलीस तर दुकानाला टाळं लागेल."

ताई हसली. हसता हसता उठायला गेली, आणि उठताना तिने उजव्या कुशीवरचं कापड दोन बोटांनी धरून अंगापासून दूर उचललं. अंगाला चिकटलेलं ओलं कापड माणूस सोडवतो तसं. कापड कोरडं होतं.

तो उंबऱ्यातच थांबला. ही दोन बोटं त्याने पाहिली होती. पंचवीस वर्षांपूर्वी, शिकाऊ असताना, मोठ्या चिरेच्या रोग्यांची. बरगडीच्या खालच्या कडेने एक मज्जातंतू जातो. तो दुखावला की कातडीला वाऱ्याची झुळूक सोसत नाही. हे दुखणं आपण संपवलं, असंच तर त्या गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं.

तो स्वयंपाकघरात गेला. बायको भाजी निवडत होती.

"ताईला दुखतंय?" त्याने हळू आवाजात विचारलं.

बायकोने वर पाहिलं. "अहो, तुम्हाला खरंच ठाऊक नाही?"

"काय ठाऊक नाही?"

"शिवणीची रेघ त्या जागेवर आली की आग होते त्यांना. सुईने नाव काढल्यासारखं होतं म्हणाल्या. दोन महिन्यांपूर्वी मी चार दिवस राहून आले ना, तेव्हा पाहिलं मी. शपथ घातली त्यांनी मला. छोट्याला कळता कामा नये म्हणून."

"अगं, पण मी स्वतः फोन करून विचारलं होतं! सहा महिने झाले त्या दिवशी. प्रत्येक रोग्याला मी स्वतः फोन करतो. दुसऱ्या कुणावर टाकत नाही."

"मी बाजूलाच बसले होते," बायको म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली. "कसं विचारलंत तेही ऐकलं."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरात सगळ्यांना माहीत होतं, नव्हतं ते एका छातीच्या डॉक्टरला.

तो सज्जात परतला. ताईने एव्हाना ओळखलं होतं. ती परत बसली होती आणि मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले होते, लहान मुलीसारखे.

"ताई, फोनवर तू 'एक' म्हणालीस. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही. त्यात तू एक म्हणालीस."

"मी कुठं म्हणाले? तू म्हणालास." आणि तिने त्याचा आवाज काढला, अगदी हुबेहूब, घाईचा, आनंदी आवाज. "'ताई, आता मस्त ना? दुखत वगैरे नाही ना फारसं? एक लिहू?' पेन टेकवूनच बसला होतास रे तू. मी नुसतं 'हं' म्हटलं."

"आणि खरा आकडा?"

ताईने समोरच्या गॅलरीतल्या वाळत्या कपड्यांकडे नजर वळवली.

"सात," ती म्हणाली. "कधी कधी आठ."

"मग मशीनवर कशी बसतेस?"

"बसत नाही. उजवा हात पुढे नेला की भाजतं. मशीन झाकून ठेवलंय. काजं-बटणं तेवढी करते, कोपर अंगाला धरून."

"तू तर म्हणालीस, दुकानाला रंग काढलाय म्हणून आलेय!"

"रंग काढलाय, हे खरं आहे," ताई मानाने म्हणाली. "मशीन बंदच होतं, तर म्हटलं रंग तरी काढून घ्यावा. त्यात मी खोटं बोललेली नाही."

त्याने कठड्याला हात टेकला. "मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार?" तिचा आवाज रागाचा नव्हता, हेच वाईट होतं. "ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तू पलंगाशी आलास. मागे दहा-बारा जण, सगळे पांढरे कोट. म्हणालास, 'बघा, ही माझी बहीण. काल ह्या वेळी टेबलावर होती. बघा कशी ताठ बसलीय.' मी बसले नव्हते रे. आडवीच होते. तू म्हणालास म्हणून उठून बसले."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. ताईने तिच्याकडे पाहिलं.

"अगं, ह्यात साखर घालून आण बाई. दोन चमचे घाल."

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "त्या फोनपासून सोडली होतीस?"

"मग काय, हौस आली होती?" ताई म्हणाली. "ठरवलं होतं, तुझ्याशी खरं बोलेन त्या दिवशी घेईन. महिनाभर ते काळं पाणी पितेय."

इस्पितळाच्या वाटेवर त्याला एकसारखी एक जुनी गोष्ट आठवत राहिली. शिकत असताना तो ताईच्या दुकानात बसून चिंध्यांवर गाठी मारायचा सराव करी. पहिली नीट गाठ जमली तेव्हा त्याने कापड तिच्यापुढे धरलं होतं. वरची सुबक गाठ तिने पाहिलीही नाही. कापड उलटलं, आतला गुंता अंगठ्याने चाचपला आणि म्हणाली, "हं. हे बघ." त्याने पाहिलं होतं आणि लाजला होता. पण ती लाज कोवळी होती. दुसऱ्या चिंधीवर निघून गेली. आजची चिंधी ताईच्या अंगावर होती.

वॉर्डाच्या सिस्टर औषधांची गाडी लावत होत्या. अठरा वर्षं याच वॉर्डात. बोलणं कमी आणि नजर करडी. त्याने दार लोटून घेतलं.

"सिस्टर, तुम्ही मागे मला एकदा काही म्हणाला होतात. रोग्यांच्या दुखण्याबद्दल."

"म्हणाले होते. दोन वर्षं झाली." त्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या एका दिशेला वळवत राहिल्या. "म्हटलं होतं, सर, तुम्ही राउंड घेऊन गेलात की पेशंट वेगळं सांगतात."

"आणि मी काय म्हणालो?"

"आठवत नाही तुम्हाला?"

"नाही."

"तुम्ही म्हणालात, 'सिस्टर, तुम्ही गोळ्या वाटा, अभ्यास मी करतो.'" सिस्टरांनी शेवटची बाटली ठेवली. "तेव्हापासून गोळ्याच वाटतेय, सर."

त्याला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. ते वाक्य त्याला खरोखर आठवत नव्हतं. त्यांना मात्र शब्दन्‌शब्द पाठ होतं. माफी मागायची राहिलीच. शेवटी तो एवढंच म्हणाला, "तुम्ही विचाराल का त्यांना? फोनवर? मी सांगेन तसं नको. तुम्ही विचारता तसं."

सिस्टरांनी घड्याळ पाहिलं, यादी हातात घेतली. "दुपारी दोन ते चार विचारीन. पण तुम्ही बाहेर बसायचं. तुमचा खोकला जरी फोनमधून ऐकू गेला तरी माणसं 'शून्य' म्हणतील."

तो दोन दिवस दुपारचा बाहेर बसला. ड्यूटीच्या खोलीला दाराशेजारी काचेची उभी पट्टी होती. त्यातून त्याला सिस्टरांचा हात दिसे. पेन धरलेला, थांबलेला, मग भराभर चालणारा. ऐकू काही येत नसे. हात जितका जास्त वेळ चाले तितका तो बाकाच्या कडेला सरके. एकदा त्या मोठ्याने हसल्या आणि त्याला इतकं हायसं वाटलं की स्वतःचीच कीव आली.

बावीस जण झाल्यावर त्यांनी कागद बाहेर आणला. "आकडे शेवटी विचारले. आधी ते बोलले तसं लिहिलंय."

त्याने वाचलं. बसचा ड्रायव्हर: सीटचा पट्टा लागू नये म्हणून मधे टॉवेल दुमडून ठेवतो. निवृत्त मुख्याध्यापिका: नातीला उजव्या अंगावर घेत नाही, ती रुसते. पोस्टमन: आंघोळीचं पाणी त्या बाजूला टोचतं, म्हणून डावीकडूनच ओततो. रंगारी: छे हो, ठणठणीत, कालच तीन जिने रंगवले, सरांना नमस्कार सांगा. (सिस्टर हसल्या होत्या त्या याच्या बोलण्यावर.) घड्याळं दुरुस्त करणारा: झोपेत कूस बदलली की जाग येते, पण तक्रार नाही, जीव वाचला. आणि असे आणखी. बावीसपैकी तेराजणांना काही ना काही होतं. आठजणांचं रोजचं जिणंच त्यापायी बदललं होतं. त्याच्या गठ्ठ्यात एकशे चाळिसांत चार होते.

कितीतरी नोंदींखाली सिस्टरांनी तेच शब्द लिहिले होते: सरांना सांगू नका म्हणाले.

"मग मला का सांगताय?" त्याने विचारलं.

"कळवू का, असं विचारलं मी एकेकाला. सरांनीच विचारायला सांगितलंय म्हटलं." सिस्टरांनी कागदावर बोट ठेवलं. "बरेच जण म्हणाले, मग सांगा. तो ड्रायव्हर म्हणाला, 'सांगा, पण बेतानं सांगा. माणूस फार भला आहे. आपण होऊन फोन करतो बिचारा. अशा माणसाला दुखतंय असं सांगवतं का?'"

त्या दुपारी त्याने आपल्या खोलीत ताईच्या शस्त्रक्रियेचं चित्रण लावलं. ते त्याला तोंडपाठ होतं. इतकं स्वच्छ उतरलं होतं की तो ते व्याख्यानांत दाखवी. गाठ अलगद सुटते तिथे लोक टाळ्या वाजवत. आज त्याने पहिल्यांदाच पडद्याचा मधला भाग सोडून कडेला पाहिलं. डाव्या कोपऱ्यात बरगडी दिसत होती, आणि तिच्या खालच्या कडेवर त्याच्याच हातातलं हत्यार टेकलेलं. वरचा कोपरा गाठायला त्याने ते टेकवलं होतं, आणि तरफेच्या दांड्यासारखं वरखाली करत राहिला होता. त्याने वेळ मोजली. अकरा मिनिटं. ज्या जागेवरून ताई कापड उचलून धरते तीच जागा. हजारदा पाहिलेलं चित्र. कडेला काय चाललंय ते ना त्याने पाहिलं होतं ना टाळ्या वाजवणाऱ्यांनी.

विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे 'मोठे सर' म्हणत, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बिचाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. "अरे, असं होतंच," ते म्हणाले. "छापायला गेलेला लेख कुणी मागे घेतं का? शेवटी एक परिच्छेद घाल. अभ्यासाच्या मर्यादा. सगळेच घालतात. पुढच्या लेखात दुरुस्त कर."

"पण निकालच खरा नाही, सर."

"तू खोटं लिहिलंस?"

"नाही."

"त्यांनी सांगितलं तेच लिहिलंस ना? मग कुणाच्या बापाची भीती आहे?"

ते ऐकताना त्याला बरं वाटलं. गुरुवारी त्याने तो परिच्छेद लिहूनही काढला. 'वेदनेची नोंद शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच घेतली, ही या अभ्यासाची एक मर्यादा म्हणता येईल.' वाक्य छान बसलं होतं. ना कुठे टोक ना कुठे कड. तो पानं घेऊन बाहेर आला तर ताई सज्जात बसून त्याच्याच सदऱ्याला बटण लावत होती, कोपर अंगाला घट्ट धरून, शर्टाची शिवण बाहेर ठेवून.

"पाठवलंस का तुझं ते?" तिने विचारलं.

"उद्यापर्यंत मुदत आहे."

"एकशे बारापुढे काय आहे?"

"एक," तो म्हणाला.

ताईने दोरा दातांनी तोडला. बटण ओढून पाहिलं, सदरा उलटला, आतली गाठ बघितली आणि घडी घालून त्याच्या हातात दिला. त्याने सदरा घेतला, पण मान वर करून तिच्याकडे बघणं त्याला जमलं नाही. आपल्या एका आकड्यासाठी हिने आयुष्यभराचा नेम मोडला, आणि आपण आता तोच आकडा छापायला पाठवतोय. हिचं खोटं महिनाभराच्या बिनसाखरेच्या चहाने फिटलं. आपलं कशाने फिटणार होतं?

त्याने आत जाऊन तो परिच्छेद खोडला आणि संपादकांना पत्र लिहिलं. लहानसंच. दुखण्याच्या नोंदी मी स्वतः घेतल्या, उत्तर सुचवत घेतल्या, आणि त्या चुकीच्या आहेत. एका सहकारी परिचारिकेने मला दोन वर्षांपूर्वी सावध केलं होतं, मी ऐकलं नाही. लेख मागे घेतो आहे. सगळ्या रोग्यांना ती पुन्हा विचारणार आहे आणि पुढल्या लेखात तिचं नाव आधी असेल. परिषदेलाही कळवलं. पहिलं व्याख्यान दुसऱ्या कुणाला गेलं. मोठे सर दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "डोकं फिरलंय तुझं," आणि ती बावीस जणांची यादी वाचायला मागून घेतली.

सोमवारी त्याने ताईला इस्पितळात आणलं. दुखण्यावर उपचार करणारी एक डॉक्टरीण होती, ती मज्जातंतूपाशी सुई देऊन आग कमी करता येते का ते बघणार होती. आधी सिस्टर सगळं विचारून लिहून घेणार होत्या. तो सवयीने मागोमाग आत शिरला.

"सर," सिस्टर म्हणाल्या, "बाहेर."

"मी कोपऱ्यात बसतो. एक शब्द बोलणार नाही."

"बाहेर," ताई म्हणाली. "आणि तो कोट काढून ठेव. नाहीतर बाहेर बसलेली सगळी माणसं उठून उभी राहतील."

तो कोट काढून बाहेरच्या बाकावर बसला. नुसत्या सदऱ्यात त्याला कुणी ओळखलं नाही. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, मांडीवर तपासण्यांची पिशवी, पायांत घट्ट बांधलेले जुने बूट. ते जरासे सरकले.

"तुमचं कोण आहे आत?"

"बहीण."

"आमची मंडळी आहे. रक्त द्यायला गेलीय." त्यांनी पिशवी छातीशी धरली. "गुरुवारी ऑपरेशन. फुप्फुसाचं. रात्रंदिवस घाबरतेय बिचारी, दुखण्याला फार भिते. मी म्हटलं, अगं, ते भोकवाले डॉक्टर आहेत ना, त्यांच्याकडे अजिबात दुखत नाही. सगळे सांगतात. खरं आहे ना हो ते?"

बंद दाराआड ताईचा आवाज चालू होता. शब्द कळत नव्हते. पण ती सांगत होती, सावकाश, मधे न थांबता, आणि कुणी तिला तोडत नव्हतं. याआधी त्याने तिला इतका वेळ बोलताना ऐकलं नव्हतं, कारण याआधी तो नेहमी त्या दाराच्या आतल्या बाजूला असे.

म्हातारे गृहस्थ त्याच्या तोंडाकडे बघत होते. आशेने बघत होते. फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," तो म्हणाला. त्याची मान खाली होती. "दुखतं. मोठ्या चिरेपेक्षा कमी, पण दुखतं. काहींना पुष्कळ दिवस दुखतं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच तो डॉक्टर."

गृहस्थ गडबडून उठायला लागले. त्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना बसवलं.

"बसा. उठू नका. एक करा, तुमच्या मंडळींना सांगा, मी राउंडला येऊन विचारलं तर माझं ऐकू नका. मागाहून सिस्टर येतील. त्यांना सगळं सांगा."

गृहस्थ पिशवी उघडून आतले कागद उगाच वरखाली करत म्हणाले, "हे तिला आता कसं सांगू मी?"

"मी येतो," तो म्हणाला. "तुमच्याबरोबर."

तेवढ्यात दार उघडलं. सिस्टरांच्या हातात दोन्ही बाजूंनी भरलेला कागद होता, आणि त्यांच्या मागे ताई उभी होती, उलट्या शर्टात, दोन बोटांनी कापड उचलून धरलेली, आता कुणापासून लपवायचं नसल्यासारखी.